खोली फक्त बेकारांना

काकूंच्या घराला सकाळी आठ वाजता बाहेरून कुलूप लागायचं, आणि आम्ही चारही भाडेकरू तेव्हा रस्त्यावर असायचो. कुणाची आंघोळ राहिलेली असो, कुणाच्या पोटात दुखत असो, बाहेर मे महिन्यातली लू वाहत असो, काकूंना त्याचं काही नसे. पावणेआठला जिन्याखाली उभ्या राहून त्या एकदाच "चलो" म्हणायच्या. मग दाराला पितळी कुलूप, किल्ली कमरेला, आणि स्वतः त्याच दाराच्या पायरीवर सूप घेऊन बसायच्या. दिवसा त्या स्वतःच्या घरातसुद्धा जात नसत. दुपारची पोळीभाजी पायरीवर, आल्यागेल्याशी बोलणं पायरीवर. संध्याकाळी पाचाला कुलूप निघे.

एकदा मला ताप होता. मी म्हटलं, "काकू, आज पडून राहू द्या."

"दवाखान्यात जाऊन पड न," त्या म्हणाल्या. "तिथं बाकावर चार माणसं भेटतील. इथं छताशी काय बोलशील?"

मी चरफडत गेलो. पण त्या बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडून मला कळलं, की एका लाकडाच्या वखारीत मालाच्या चिठ्ठ्या लिहायला माणूस मिळत नाहीये. पगार देणार नव्हते, नुसतं दुपारचं जेवण. काकूंनी मला दुसऱ्याच दिवशी तिकडे धाडलं. "फुकट तर फुकट. हात गार पडू देऊ नको," म्हणाल्या.

सराफ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं आणि खोली मिळायची अट एकच होती. माणूस बेकार पाहिजे. जबलपुरातले बाकीचे घरमालक आधी विचारायचे, कुठे कामाला आहात? काकू विचारायच्या, "कब से खाली हो?" नोकरी लागली की आठ दिवसांत खोली सोडायची. शहपुऱ्याचा एक फिटर होता. त्याला काम लागलं, पण खोली आवडलेली, म्हणून त्यानं महिनाभर कुणाला कळूच दिलं नाही. आठाला आमच्याबरोबर तोंड पाडून, पाय ओढत निघायचा. एके दिवशी काकूंनी त्याला पायरीपाशी अडवलं आणि म्हणाल्या, "तू खोटा लंगडून राहिला. बेकार माणूस असा पाय नाही टाकत." त्यांनी स्वतः त्याची ट्रंक बाहेर आणली, त्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि त्याच संध्याकाळी खोली दुसऱ्या बेकाराला दिली. गल्लीतले लोक त्यांना सनकी म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, पण त्यांच्या पाठीमागे.

मी तिथे आलो तेव्हा मला बेकार होऊन चौदा महिने झाले होते, आणि सिहोऱ्याला माझ्या घरच्यांच्या हिशेबानं मी नोकरीला लागून पाच महिने झाले होते.

हे खोटं मी ठरवून बोललो नव्हतो. बाबा शाळेत मास्तर होते, नजर अधू झाल्यामुळे वेळेआधी घरी बसलेले. माझी पत्रं त्यांना माझी धाकटी बहीण कुंदा वाचून दाखवायची. एका पत्रात मी लिहिलं, की इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, स्टोअरमध्ये क्लार्कच्या जागेसाठी मुलाखत चांगली झाली, आता झाल्यातच जमा आहे. पुढच्या पत्रात कळलं, की बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. ती जागा दुसऱ्याला गेली. पेढे परत कसे मागायचे ते मला सुचलं नाही. मग मी स्टोअरविषयी लिहू लागलो. साहेब कडक आहेत, काम खूप आहे, रजा मिळत नाही. दोन शिकवण्या करून घरी थोडं पाठवत होतो. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं.

काकूंची बेकारांना शिकवायची पद्धत फॅक्टरीतून आलेली होती. दुसऱ्या महायुद्धात त्या स्वतः तिथे कामाला होत्या. बॉम्बच्या फ्यूजच्या पितळी टोप्या तपासायचं काम. हातात गेज, म्हणजे खाचा पाडलेली लोखंडी पट्टी. टोपी एका खाचेत बसली पाहिजे आणि दुसरीत बसता कामा नये. बरोबर असेल तर पासच्या पेटीत, नसेल तर रिजेक्टच्या, आणि घासून दुरुस्त होण्यासारखी असेल तर तिसऱ्या पेटीत, तिचं नाव रिवर्क. माणसांकडेही त्या तशाच एक डोळा बारीक करून बघायच्या.

"तू रिवर्क आहेस," तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. "फेकायचा माल नाही. पण घासावं लागते."

आणि घासलंच त्यांनी. पहिल्यांदा माझा अर्ज घेतला. मी लिहिलं होतं, 'मी अत्यंत गरजू व होतकरू तरुण असून'. त्यांनी बोरूनं दोन्ही शब्द काळे केले. "गरज तुझी आहे, त्यांची नाही. त्यांना काय पाहिजे ते लिही. तुला काय येते?"

"टायपिंग येतं. अक्षर चांगलं आहे."

"तेवढंच लिही न मग. एवढी लांबण काहून लावून राहिला?"

प्रत्येक ठिकाणचा अर्ज वेगळा आणि हातानं लिहिलेला हवा. एकाचीच नक्कल दहा ठिकाणी टाकलेली त्यांना चालत नसे. कुठेही जाऊन 'जागा आहे का' असं विचारायचं नाही, कारण त्याला 'नाही' एवढंच उत्तर असतं. विचारायचं, कोण रिटायर होऊन राहिलं, कोण लांब रजेवर चाललं, कुणाची बदली झाली. हे साहेबाला विचारायचं नाही, साहेबाला माहीत नसतं. चपराशाला विचारायचं, दरवानाला विचारायचं, फॅक्टरीच्या गेटसमोरच्या चहाच्या गुमटीवर पाळी सुटताना उभं राहायचं. जिथे नवी भिंत उठताना दिसेल तिथे आत जायचं, कारण भिंतीमागे उद्या माणसं लागणार. पंधरा दिवसांनी त्याच ठिकाणी परत जायचं, आणि ज्याच्याशी बोललो त्याचं नाव घेऊन बोलायचं. यासाठी प्रत्येकाला एक वही केलेली होती. कुठे गेलो, कोण भेटला, काय म्हणाला, परत कधी जायचं. पाच वाजता कुलूप उघडण्याआधी काकू पायरीवर वह्या तपासत. ज्या दिवशी माझी वही कोरी होती त्या दिवशी त्यांनी मला सहापर्यंत बाहेर उभं केलं.

पण या सगळ्याहून अवघड एक गोष्ट होती. रोज तीन नव्या माणसांना आपण बेकार आहोत हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. "लपवशील तर काम तुला शोधत येऊन राहिलं असेल तरी त्याला पत्ता कसा लागेल?" असं त्यांचं म्हणणं. आम्हाला लाज वाटायची म्हणून त्या स्वतः सुरुवात करून देत. भर सराफ्यात, सोनारांच्या दुकानांसमोर, कुणी ओळखीचं दिसलं की माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "ये हमारा किरायेदार. बेकार है. कुछ हो तो बताना." मी जमिनीकडे बघायचो. त्या माझी हनुवटी वर करायच्या. एवढा मोठा मी, बी.ए.पर्यंत शिकलेला, आणि सराफ्यातल्या गर्दीत माझी हनुवटी काकूंच्या बोटावर.

त्याच सुमाराला बाबांचं पत्र आलं. कुंदासाठी नागपूरकडचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलाला नोकरदार भाऊ असलेलं घर हवं होतं. मुलाचे मामा कामानिमित्त जबलपूरला येणार होते आणि येत्या शनिवारी पाळी सुटताना ते फॅक्टरीच्या गेटसमोर मला भेटणार होते. 'तुझ्या सोयीचे व्हावे म्हणून तीच वेळ कळवली आहे,' असं बाबांनी लिहिलं होतं.

तीन दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. पळून जायचा विचार केला, आजारी पडायचा केला. शेवटी जे सुचलं ते इतकं सोपं होतं की त्याचीच भीती वाटली. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी गेटच्या बाजूच्या भिंतीशी उभा राहिलो. भोंगा झाला. सायकलींचा आणि माणसांचा लोंढा बाहेर पडला, तसा मी कडेनं त्यात शिरलो आणि चार पावलं गर्दीतून चालत रस्त्याच्या पलीकडे आलो. कडुलिंबाखाली एक टोपीवाले गृहस्थ उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे, गेटकडे, परत माझ्याकडे पाहिलं आणि समाधानानं हसले.

"थकून आला असाल. चहा घेऊ," ते म्हणाले.

त्यांनीच गुमटीकडे पाऊल वळवलं. आणि गुमटीच्या बाकावर, हातात पेला घेऊन, काकू बसल्या होत्या. शनिवारी पाळी सुटताना त्या स्वतः बातम्या गोळा करायला यायच्या. हे मला माहीत होतं. घाबरलेल्या माणसाला जे माहीत असतं तेच आठवत नाही.

मी मान वळवली, पण उशीर झाला होता. काकू उठल्या. मामांची टोपी पाहून मराठी माणूस आहे हे त्यांनी ओळखलं. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नमस्कार. हा माझा भाडेकरू. बेकार आहे, पण अक्षर चांगलं आहे. तुमच्याकडे काही असलं तर सांगा."

मामांनी उचललेला पेला तसाच खाली ठेवला. "बेकार?" त्यांनी मला विचारलं, काकूंना नाही.

आजूबाजूला कामावरून सुटलेले लोक हसत-खिदळत चहा पीत होते. मामा थोडा वेळ थांबले, मी काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मग टोपी नीट करून म्हणाले, "बरं, येतो," आणि गेले.

"कोण होते?" काकूंनी विचारलं.

मी गुमटीपासून घरापर्यंत त्यांना जे जे बोललो ते आज लिहवत नाही. माझ्या बहिणीचं लग्न मोडलंत, तुम्हाला काय कळतं, तुम्ही वेड्या आहात, सगळा गाव म्हणतो. त्या माझ्या शेजारून चालत होत्या आणि ऐकत होत्या. घराशी आल्यावर पाच वाजून गेले होते तरी त्यांनी कुलूप उघडलं नाही. पायरीवर बसल्या.

"मी खोटं बोलले का?"

"नाही."

"मग बस."

मी बसलो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांच्या नवऱ्याविषयी सांगितलं. तेही फॅक्टरीत होते, लेथवर. महायुद्ध संपलं आणि एका दिवशी दोघांच्याही हातात घरी जायची चिठ्ठी पडली. काकू दुसऱ्या दिवसापासून काम शोधायला निघाल्या. नवरा निघाला नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, रजेवर आहे. मग रजा वाढवली आहे. ओळखीचं कुणी दारात दिसलं की खाटेवर तोंड भिंतीकडे करून पडायचे, की दिसू नये. पुढे पुढे दार बंदच ठेवायला लागले. कुणाला ठाऊकच नव्हतं की या माणसाला काम पाहिजे, तर देणार कोण? दीड वर्ष.

"मग?"

"मग गेले."

"कशानं?"

"रजेनं," काकू म्हणाल्या, आणि उठून कुलूप उघडलं.

मी त्या दिवशी घरी खरं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी वखारीतून परत आलो तर काकूंच्या पायरीवर कुंदा बसलेली. एकटी बसनं आली होती, मांडीवर पिशवी. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. काकूंना ती म्हणाली, "दादाच्या नोकरीवर माझं लग्न ठरणार होतं. ते मोडलं त्याचं मला काही नाही. पण पुढचं ठरेल ते माझ्या नोकरीवर ठरू दे. मला खोली द्याल का?"

काकूंनी एक डोळा बारीक करून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कब से खाली हो?"

"जन्मापासून," कुंदा म्हणाली.

काकू हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी कुंदाला स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं आणि सकाळी आठाला आमच्याबरोबर बाहेर काढलं. कुंदा मॅट्रिक होती आणि तिला लाज हा प्रकार माझ्या निम्माही नव्हता. कोण रजेवर चाललंय, हा प्रश्न ती शाळाशाळांतून विचारत फिरली. एका मुलींच्या शाळेत कारकून बाई बाळंतपणाला माहेरी निघाल्या होत्या. तीन महिन्यांसाठी कुंदाला घेतलं, आणि बाई परत आल्या नाहीत तेव्हा ठेवूनच घेतलं. काम लागायला तिला तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत. नियमाप्रमाणे तिला खोली सोडावी लागली. ती शाळेजवळ राहायला गेली, आणि मी तिथेच राहिलो. जाताना ती माझ्याशी, आल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली. "दादा, वही भरत जा."

मग पाकिस्तानशी लढाई जुंपली. फॅक्टरीत दिवसपाळी-रातपाळी सुरू झाली, भिंतींवर हेरांपासून सावध राहायच्या पाट्या लागल्या, खिडक्यांच्या काचांना कागद चिकटले. माझी फुकटची वखार फॅक्टरीला दारूगोळ्याची खोकी पुरवायची. खोक्यांबरोबर जाणाऱ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या. तिथल्या स्टोअरकीपरला आता माणसं हवी होती, आणि माझं अक्षर तो वर्षभर वाचत होता. त्यानं विचारलं, "यहीं क्यों नहीं आ जाते?" मी अर्ज दिला, मुलाखत झाली, पास झालो. फक्त पोलिसांची चौकशी उरली.

पंधरा दिवसांनी मला लेबर ऑफिसात बोलावलं. तिथला अधिकारी बराच वेळ माझ्या कागदांकडे बघत राहिला. "तुम्ही अर्जात बेकार लिहिलंय. सिहोऱ्यात तुमचे शेजारी पोलिसांना सांगतात, हा तर दीड वर्षापासून याच फॅक्टरीत आहे. आमच्याकडे तुमचं नाव नाही. लढाईच्या दिवसांत एक माणूस आपण फॅक्टरीत आहोत असं सांगत फिरतो, याचा अर्थ काय करायचा?" माझे कागद थांबवण्यात आले. उद्या कोतवालीत जाऊन जबाब द्यायचा होता.

काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "घरी खरं लिहिलंस. गल्लीत कोण सांगणार होतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. बाबांनी लाजेनं, मी दूर होतो म्हणून. काकूंनी माझ्याकडून जबाब लिहून घेतला. मी दोन पानं लिहिली, परिस्थिती, बाबांची नजर, पेढे. काकूंनी खोडत खोडत तीन ओळी ठेवल्या. मी बेकार होतो. घरी नोकरी आहे असं खोटं सांगितलं. शेजाऱ्यांना ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर कोतवालीत आल्या. इन्स्पेक्टरनं तीन ओळी वाचल्या आणि त्यांना विचारलं, "आप कौन?"

"मकान मालकिन."

"इसकी गारंटी लेती हैं?"

"नहीं. गारंटी मैं किसी की नहीं लेती," काकू म्हणाल्या. "पर ये दिन भर कहाँ जाता था, सब इसमें लिखा है." आणि त्यांनी माझी वही टेबलावर ठेवली.

इन्स्पेक्टर वही चाळू लागला. आधी कंटाळून, मग सावकाश, मग एकेका पानावर थांबून. त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला तसं मला उमगलं की त्या वहीत काय आहे. कोणत्या गेटची पाळी किती वाजता सुटते. कोणत्या दरवानाचं नाव काय. कोणता साहेब कधीपासून रजेवर. भिंत कुठे नवी बांधताहेत आणि कशासाठी. त्यानं हवालदाराला दार लावून घ्यायला सांगितलं.

"ये गेट का टाइम किसलिए लिखा है?"

मी सांगू लागलो, पण शब्द एकमेकांत अडकले. एरवी कुणाच्याही तोंडावर बोलणारी ती बाई बाकावर ताठ बसली होती, आणि तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ कानापर्यंत आलेला मला दिसत होता. पद्धत त्यांची होती. अक्षर माझं होतं.

आम्हाला तिथेच बसवून ठेवलं. वहीतली दोन नावं काढून शिपाई त्यांच्या शोधात पाठवला. तास गेला, दुसरा गेला. बाहेर रस्त्यावरून मिलिटरीचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर खिडकीच्या काचा थरथरत होत्या. दुपार कलायला आली तेव्हा शिपायाबरोबर एका ऑफिसातला म्हातारा चपराशी आत आला. मला पाहून त्यानं कपाळावर हात मारला.

"साहब, ये लड़का? ये तो हर पंद्रह दिन में आता है. पूछता है, दादा, कौन रिटायर हो रहा है. मेरी बीवी का हाल पूछता है, फिर पूछता है, आप कब रिटायर होंगे. दिमाग चाट गया है मेरा."

इन्स्पेक्टरनं त्याच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. त्यानं वहीतलं त्या चपराशाच्या नावाचं पान काढलं. तिथे मी लिहिलं होतं, 'पत्नीस बरे वाटले का विचारणे.' त्यानं ते मला वाचायला लावलं, हिंदीत अर्थ सांगायला लावला. मग वही मिटली.

"घर में बताने में शर्म आती थी?" त्यानं मला विचारलं.

"जी."

"जाओ," तो म्हणाला. "सिहोरा जाके अड़ोस-पड़ोस में खुद बताओ. फिर दोबारा आदमी भेजेंगे."

मी गेलो. घरोघर जाऊन सांगितलं. ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांच्याच ओट्यांवर उभं राहून सांगितलं. बाबा पहिल्या दोन घरांपर्यंत घरातच बसून होते. तिसऱ्या घराशी मागे पावलांचा आवाज आला. काठी टेकत ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले, आणि बाकीच्या घरांत मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, "याला काही सांगायचंय."

लढाई थांबल्यावर महिन्याभरानं माझं नेमणुकीचं पत्र आलं. काकूंनी ट्रंक स्वतः बाहेर आणली, वडी दिली. मी पाया पडलो तर म्हणाल्या, "पुरे. तिकडून दुसरा येऊन राहिला आहे."

त्यानंतर सहा वर्षं मी सणासुदीला तिकडे जात असे. पायरीवरच बसून बोलायचो. पण त्यांच्याविषयी एक गोष्ट मला तोवर कळली नव्हती, आणि ती मला कळायला दुसरी लढाई यावी लागली. बांगलादेशच्या त्या लढाईत फॅक्टरीत परत भरती निघाली. तोपर्यंत मी स्टोअरमधून लेबर ऑफिसात आलो होतो, अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसायचो. एका सकाळी बायकांच्या रांगेत वीस-बावीस वर्षांच्या पोरींच्या मधे काकू उभ्या दिसल्या. मला वाटलं, कुणाला तरी घेऊन आल्या असतील.

त्यांची पाळी आली. खिडकीतून त्यांनी एक अर्ज सरकवला. त्याच्यासोबत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक जुनं प्रमाणपत्र होतं, महायुद्धातल्या साहेबाच्या सहीचं. अर्ज त्यांच्या स्वतःच्या नावाचा होता. त्यात लिहिलं होतं, 'फ्यूज तपासणीचे काम केले आहे. गेज वापरता येतो. डोळे चांगले आहेत.' वय बावन्न. मी त्यांना इतकी वर्षं म्हातारी समजत होतो. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या पंचेचाळीसच्या असतील.

"काकू, तुम्ही?"

"काहून? मी पण तर ती लढाई संपली तवापासून खालीच आहे न."

मी अर्ज घेऊन आत साहेबांकडे गेलो. जे सांगता येईल ते सगळं सांगितलं. साहेब चांगला माणूस होता, पूर्ण ऐकून घेतलं. पण वयाच्या मर्यादेपलीकडे त्याला जाता येत नव्हतं, आणि मलाही ते आधीपासून ठाऊक होतं. परत खिडकीपर्यंत यायला दहा पावलं होती. ती मी किती हळू टाकली असतील.

"कळवतो, काकू," मी म्हटलं.

"आत्ता सांग."

मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "नाही होणार. वय बसत नाही."

त्यांनी मान हलवली. प्रमाणपत्र परत मागितलं, प्लास्टिकमध्ये घड्या घालून नीट ठेवलं. मला वाटलं, आता त्या जातील. पण खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून त्या वाकल्या आणि विचारलं, "आणखी कुठे भरती आहे?"

मला माहीत होतं. आदल्याच दिवशी एका शिलाई-केंद्राचा माणूस आमच्या ऑफिसात आला होता. जखमींच्या इस्पितळासाठी चादरी आणि पट्ट्या करायला त्यांना बायका हव्या होत्या, आणि वयाची अट नव्हती. मी कागदावर पत्ता लिहून दिला, कुणाला भेटायचं तेही लिहिलं. काकूंनी दोनदा वाचून पक्का केला आणि रांगेच्या कडेनं बाहेर पडल्या.

पुढच्या आठवड्यात मी दुपारच्या सुट्टीत त्यांच्या गल्लीत गेलो. घरी कुणी नव्हतं. शेजारच्या बाई नळावर कपडे धूत होत्या. मी विचारलं, काकू कुठे आहेत?

"दीदी?" त्या कपडे पिळता पिळता म्हणाल्या. "वो तो काम पर गई हैं."